हेलिकॉप्टर येईपर्यंतचे तास

मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्गाच्या पुलाचे काम पालघर तालुक्यातील बहाडोलीजवळ वैतरणेच्या पात्रात चालू होते. १३ जुलै २०२२ रोजी नदी फुगली आणि कामावरचे दहा मजूर बार्जवर अडकून पडले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे, म्हणजे एनडीआरएफचे पथक आले, पण प्रवाह असा होता की रात्री तिथे होडी नेणे शक्य झाले नाही. दुसऱ्या दिवशी हवाई दलाचे हेलिकॉप्टर आले आणि दहाही जणांना सुखरूप घेऊन गेले. त्याचे व्हिडिओ आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरले.

टाळ्या वाजवण्यासारखेच ते काम होते, आणि आम्हीही रुग्णालयात ते व्हिडिओ पाहिले. पण डॉक्टरची नजर जरा वेगळ्या ठिकाणी जाते. ते दहाही जण धडधाकट होते म्हणून रात्र काढू शकले. त्यांच्यातल्या एकाचे मांडीचे हाड मोडलेले असते तर? मांडीच्या हाडाच्या फ्रॅक्चरमध्ये बाहेर थेंबही न दिसता आतल्या आत लिटरभर, कधी त्याहून जास्त रक्त वाहून जाते. प्रौढ माणसाच्या अंगात एकूण रक्त असते पाच लिटरच्या आसपास. अशा माणसाला सकाळचे हेलिकॉप्टर उपयोगाचे नसते. त्याला रात्री आठ वाजता कुणीतरी पाय फळीला बांधून सरळ ठेवायला हवा असतो, थंडी वाजू नये म्हणून पांघरायला हवे असते, आणि जमल्यास शिरेतून सलाइन.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठका होतात, नकाशे लागतात, आणि कुणीतरी हमखास म्हणते, "वेळ आलीच तर हेलिकॉप्टर मागवू." या वाक्यावर सगळ्यांचे समाधान होते. माझे होत नाही. हवाई दलाबद्दल मला शंका नाही. माझी शंका आहे ती त्या वाक्यातल्या "तर" आणि "मागवू" या दोन शब्दांच्या मधल्या वेळाबद्दल.

आधी हे सांगायला हवे की आपत्तीत हवाई दल जे करते ते दुसरे कुणी करू शकत नाही. २६ जानेवारी २००१च्या सकाळी भूज हादरले. आपल्याकडे मुंबईपर्यंत तो धक्का जाणवला होता. भूजचे सरकारी रुग्णालयच कोसळले, म्हणजे ज्यांनी जखमींना बरे करायचे तेच ढिगाऱ्याखाली गेले. तिथल्या हवाई दलाच्या तळावरही जवान आणि त्यांचे कुटुंबीय दगावले होते. तरीही त्याच तळाच्या धावपट्टीवरून डॉक्टर आणि औषधे आत आली आणि जखमी पुण्यासह इतर शहरांतल्या रुग्णालयांत गेले. रस्ते, फोन, वीज यांतले काही शिल्लक नसताना एक धावपट्टी शिल्लक असणे म्हणजे काय, हे त्या दिवशी दिसले. जून २०१३मध्ये उत्तराखंडात हवाई दलाने सुमारे वीस हजार माणसे डोंगरांतून बाहेर काढली. त्याच मोहिमेत २५ जूनला गौरीकुंडजवळ एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळून वीस जण गेले. त्यांत हवाई दलाचे होते, एनडीआरएफचे होते, भारत-तिबेट सीमा पोलिसांचेही होते. "हेलिकॉप्टर मागवू" असे सहज म्हणताना या वीस जणांची आठवण असावी.

कोविडच्या दुसऱ्या लाटेतले काम तर आम्हा डॉक्टरांच्या फारच जवळचे. एप्रिल २०२१मध्ये वॉर्डातला ऑक्सिजन किती तास पुरेल याचा हिशेब आम्ही पाटीवर खडूने मांडत होतो. त्या दिवसांत हवाई दलाच्या सी-१७ विमानांनी ऑक्सिजनचे टँकर उचलले. पुण्याहून जामनगरला असेच कंटेनर गेले. बऱ्याच लोकांचा आजही समज आहे की विमानातून ऑक्सिजन आला. देशांतर्गत विमानातून गेले ते रिकामे टँकर. भरलेले टँकर रस्त्याने आणि रेल्वेने आले. यामागचे कारण साधे आहे. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. टाकी कितीही चांगली असली तरी तो आत सतत थोडाथोडा वायू होत राहतो आणि तो वायू बाहेर सोडावाच लागतो. एका लिटर द्रवाचा वायू होतो साधारण साडेआठशे लिटर. बंद विमानात असा वायू साचला की एका ठिणगीने काय होईल हे सांगायला नको. म्हणून युक्ती अशी केली की जो वेळ वाचवता येतो तो वाचवायचा. रिकाम्या टँकरचा दोन-तीन दिवसांचा परतीचा प्रवास दोन तासांत उरकायचा, आणि भरलेल्या टँकरने आपल्या चालीने यायचे. आपत्तीत विमानाचा खरा उपयोग कसा असतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. साखळीतली सर्वांत लांब कडी त्याने छोटी केली. बाकीच्या कड्या, म्हणजे टँकरचे चालक, वेल्डर, पाइप जोडणारे, रात्री तीनला व्हॉल्व्ह फिरवणारा वॉर्डबॉय, जमिनीवरच होत्या.

आता हवेत गेल्यावर शरीराचे काय होते ते पाहू, कारण "रुग्णाला विमानात घातले की सुटलो" हाही एक गोड गैरसमज आहे.

उंचीवर हवेचा दाब कमी होतो. प्रवासी किंवा मालवाहू विमान कितीही उंच उडत असले तरी आतला दाब साधारणपणे सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. आठ हजार फुटांवरचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीनचतुर्थांश. दाब घटला की वायू फुगतो. शाळेत शिकलेला बॉइलचा नियम इथे रुग्णाच्या छातीत काम करू लागतो. बरगडी मोडून फुप्फुसाभोवती थोडी हवा साठली असेल तर जमिनीवर माणूस जेमतेम तग धरून असतो. वर गेल्यावर तीच हवा तिसऱ्या हिश्शाने वाढते आणि फुप्फुस दाबते. म्हणून अशा रुग्णाच्या छातीत आधी नळी घालावी लागते, मग विमान. पोटाची नुकती शस्त्रक्रिया झालेल्याच्या आतड्यात, डोक्याला मार लागलेल्याच्या कवटीत हवा असेल तर हाच प्रश्न. शिवाय ऑक्सिजनही विरळ होतो. निरोगी माणसाची पातळी सत्त्याण्णववरून नव्वदीच्या आसपास उतरते आणि त्याला कळतही नाही. जो जमिनीवरच नव्वदला टेकलेला आहे त्याला मात्र कळते. हेलिकॉप्टर सहसा हजार-दोन हजार फुटांवरून जाते, त्यामुळे तिथे हा त्रास फार नाही. तिथे वेगळाच प्रश्न असतो. आवाज इतका की स्टेथोस्कोप गळ्यातला दागिना होतो. थरथर इतकी की नाडी रुग्णाची लागते की यंत्राची, समजत नाही. बाळंतपण मध्येच सुरू झाले तर वाकायलाही जागा नाही. त्यामुळे जे करायचे ते चढवण्याआधी करून घ्यावे लागते. श्वासाची नळी, शिरेतली सुई, मोडलेल्या हाडाला आधार, हे सगळे खाली. वर फक्त वाट पाहणे असते.

आणि खाली हे सगळे कोण करणार? या प्रश्नावर आपल्या बैठका संपायला हव्यात. त्या सुरूही होत नाहीत.

डहाणू आणि तलासरीच्या लोकांना भूकंपाबद्दल वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडीच्या परिसरात धक्क्यांची रांगच लागली. १ फेब्रुवारी २०१९ला त्यातला एक मोठा धक्का बसला. घाबरून पळताना पडून एक चिमुरडी गेली. थंडीत लोक तंबूत झोपत होते. सुदैवाने त्याहून मोठे काही घडले नाही. पण घडलेच तर काय होईल, याचा एक भाग वैद्यकशास्त्राला चांगला माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा एरिक बायवॉटर्स नावाच्या डॉक्टरने १९४१मध्ये एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. कोसळलेल्या घराखाली तासन् तास पाय अडकलेली माणसे बाहेर काढली की शुद्धीवर असत, बोलत, चहा मागत, आणि मग काही दिवसांत मूत्रपिंडे बंद पडून मरत. दबलेल्या स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांतले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन, दगड हलवला की एकदम रक्तात येते. पोटॅशियम हृदय थांबवू शकते आणि मायोग्लोबिन मूत्रपिंडे बुजवते. १९९९च्या तुर्कस्तानच्या भूकंपात अशा शेकडो जणांना डायलिसिसवर ठेवावे लागले.

यावरचा उपाय महागडा नाही. सलाइनची बाटली. पण ती दगड उचलण्याच्या आधी लावायची असते, माणूस अजून अडकलेला असताना, हाती लागलेल्या हाताच्या शिरेत. प्रौढाला साधारण तासाला एक लिटर. शेजारी धावून येतात, जीव तोडून तुळई उचलतात, माणूस बाहेर येतो, सगळे आनंदाने ओरडतात आणि अर्ध्या तासात तो हातात मरतो. हे टाळण्यासाठी आकाशातून काही यावे लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाइन हवे, आणि ते घेऊन ढिगाऱ्यावर चढायला शिकलेली एक नर्स हवी.

हवाई दलाकडे तयारी नाही असे मुळीच नाही. भारताने "भीष्म" नावाचे फिरते रुग्णालय बनवले आहे. ७२ छोट्या पेट्यांतले सामान, एकूण वजन ७२० किलो, आणि सुमारे दोनशे जखमींवर उपचार करण्याची सोय. मे २०२४मध्ये आग्र्याला ते हवाई दलाच्या विमानातून पॅराशूटने खाली सोडून पाहिले. फेब्रुवारी २०२३मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा सैन्याचे ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल सी-१७ विमानांनी तिथे पोहोचले आणि इस्केंदेरूनमध्ये उभे राहिले. मार्च २०२५च्या भूकंपानंतर म्यानमारमध्ये मंडालेलाही असेच रुग्णालय गेले. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण अशा रुग्णालयांचा जगभरचा अनुभव असा की ती उभी राहतात तोवर दोन-तीन दिवस गेलेले असतात, आणि जखमांमुळे ज्यांचा जीव जाणार त्यांतल्या बहुतेकांचा गेलेला असतो. मग तिथे कोण येते? साचलेल्या जखमांचे रुग्ण येतातच. त्यांच्याबरोबर अडलेली बाळंतीण येते, इन्सुलिन संपलेला मधुमेही येतो, जुलाब लागलेले मूल येते. ज्यांचे नेहमीचे दवाखाने पडले ते सगळे. फील्ड हॉस्पिटल पडलेल्या दवाखान्याची जागा घेते. मोलाचे काम आहे, फक्त ते पहिल्या बारा तासांचे नाही.

पहिल्या बारा तासांत हवामानही आपल्या बाजूचे नसते. आपल्या कोकणपट्टीतल्या आपत्ती येतातच मुळी जुलै-ऑगस्टच्या त्या दिवसांत, जेव्हा ढग डोंगराच्या खांद्यावर टेकलेले असतात. २२ जुलै २०२१च्या संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. रस्ते पाण्याखाली होते. बाहेरची मदत दुसऱ्या दिवशी पोहोचली. तेच दिवस चिपळूणचे. शहर बुडाले, एका कोविड रुग्णालयात पाणी शिरले, वीज गेली आणि आठ रुग्ण दगावले. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी गाडली गेली. हेलिकॉप्टर तयार होती, पण त्या ढगांत उडू शकली नाहीत. जेसीबी वर चढवायला रस्ता नव्हता. माणसे फावडी-कुदळी घेऊन चालत गेली, आणि त्या चढणीवर नवी मुंबईच्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. सत्तावीस मृतदेह मिळाले, पन्नासहून अधिक माणसे सापडलीच नाहीत. यात हवाई दलाचा दोष नाही. ढगाला परवानगी मागता येत नाही, एवढेच.

उलट, जिथे हेलिकॉप्टर पोहोचले तिथेही मोठा भार कुणी उचलला ते पाहा. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली. नौदल आणि हवाई दल दोघांचीही हेलिकॉप्टर आली. पण हजारावर प्रवासी बाहेर आले ते एनडीआरएफच्या रबरी होड्यांतून आणि गावकऱ्यांच्या हाताला धरून. गाडीत नऊ गर्भवती होत्या, आणि सरकारने सदतीस डॉक्टर पाठवले, त्यांत स्त्रीरोगतज्ज्ञही होते. हा निर्णय ज्याने घेतला त्याचे मला कौतुक वाटते, कारण कुठेतरी कुणीतरी प्रवाशांचा आकडा न मोजता माणसे मोजली.

आपल्या किनाऱ्यावरचे १३ जानेवारी २०१८ कुणी विसरलेले नसेल. डहाणूला विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली. दमणच्या तळावरून तटरक्षक दलाची विमाने आणि हेलिकॉप्टर निघाली. दमण आपल्याला किती जवळ, तरीही त्यांच्या आधी तिथे होत्या आपल्या मच्छीमारांच्या होड्या. बहुतेक मुलामुलींना त्यांनीच पाण्याबाहेर ओढले. तीन मुली गेल्या. त्याच दिवशी जुहूहून तेलविहिरींकडे निघालेले पवनहंसचे हेलिकॉप्टर आपल्याच समुद्रात कोसळले, त्यातले सातही जण गेले. एकाच दिवशी, एकाच समुद्रात, ज्यांना वाचवायचे ते आणि वाचवण्याचे जे साधन आपण समजतो ते, दोन्ही पाण्यात.

बुडता बुडता वाचलेल्या माणसाचे एक सांगायला हवे, कारण चिंचणीपासून झाई-बोर्डीपर्यंत प्रत्येक घरात कुणीतरी दर्यावर जाणारा आहे. पाण्यातून काढलेल्याचे पोट दाबून पाणी काढायची पद्धत अजून चालते. ते करू नये. पोटातले पाणी मारत नाही, फुप्फुसाला हवा न मिळणे मारते. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्यायचे, मग छातीचे दाब, तीस दाबांना दोन श्वास. दुसरी गोष्ट, बराच वेळ पाण्यात राहिलेल्याला उभा करू नका, उभा ओढू नका. पाण्याचा दाब पायांवरून एकदम निघाला की रक्त खाली उतरते आणि तो तिथेच कोसळतो. म्हणूनच हेलिकॉप्टरमध्येही शक्य तिथे अशा माणसाला आडवे ठेवून वर घेतात. होडीवरही तसेच, जाळे ओढावे तसे आडवे घ्यायचे. हे मी एका तांडेलांना सांगत होतो तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं? आम्ही तर बसवून चहा पाजतो." आमच्याकडे त्यांच्यासाठी दरवर्षी हवामानाचे इशारे असतात, डिझेलची बैठक असते. या अर्ध्या तासाच्या शिकवणीला मात्र कुठल्याच विभागाच्या कागदावर जागा नसते.

पैशाचे बोलायचे राहिले. हवाई दलाच्या मदतकार्याचा खर्च राज्यांकडून मागितला जातो, हे अनेकांना ठाऊक नसते. २०२४च्या अखेरीस केंद्राने केरळकडे आधीच्या वर्षांपासूनचे असे १३२ कोटी रुपये मागितले, आणि वायनाडच्या जखमा ओल्या असताना ते बिल आल्याने मोठा वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयात चर्चेला आले. जीव वाचवण्याचे बिल कुणी कुणाला पाठवायचे हा राजकारण्यांचा विषय. माझा मुद्दा छोटा आहे. जड हेलिकॉप्टरचे तासभराचे उड्डाण लाखांत जाते. ते द्यायला माझी ना नाही, जीव वाचत असेल तर नक्कीच नाही. पण ज्या व्यवस्थेला तो खर्च मान्य होतो, तिला त्याच पैशांत होणारी रक्त साठवणुकीची सोय, जनरेटर वरच्या मजल्यावर नेण्याचे काम, किंवा दोन वर्षे रिकामे असलेले भूलतज्ज्ञाचे पद भरणे फाइलवर वर्षानुवर्षे मान्य होत नाही. हेलिकॉप्टर दिसते. जनरेटर दिसत नाही. आणि हवाई पाहणीसाठी नेत्यांची हेलिकॉप्टर ज्या तत्परतेने उतरतात, त्यांच्यासाठी जी हेलिपॅड एका रात्रीत मुरूम टाकून तयार होतात, त्यांतली निदान काही रुग्णालयाजवळ असावीत, असे एका सरकारी डॉक्टरला वाटले तर चुकले काय?

हेलिपॅडची गोष्ट क्षुल्लक वाटेल. एमआय-१७च्या पंख्याचा व्यास एकवीस मीटरहून अधिक आहे. ते खाली येते तेव्हा पत्रे उडतात, मंडपाची कापडे वर खेचली जातात, वाळूचा असा पडदा उभा राहतो की वैमानिकाला जमीन दिसत नाही. आपल्या किनाऱ्यावर मोकळी जागा भरपूर आहे असे आपण म्हणतो, पण तिथे सुरूची झाडे आहेत, विजेच्या तारा आहेत, बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव आहेत. पावसाळ्यात शाळेचे मैदान चिखलाचे असते. कुठली जागा वर्षभर कठीण राहते, तिथून रुग्णालय किती मिनिटांवर आहे, मधला ओढा भरला तर पर्यायी रस्ता कोणता, हे कुणीतरी आधी चालून पाहून, अक्षांश-रेखांशासह लिहून ठेवायला हवे. ते काम तलाठी, ग्रामसेवक आणि आरोग्य सेवक तिघे मिळून चार दिवसांत करू शकतात.

त्याहून महत्त्वाचे, पहिल्या फेरीत कुणाला बसवायचे हे कोण ठरवणार? एमआय-१७मध्ये बारा स्ट्रेचर बसतात. खाली तीस जखमी असतील तर? लोकांच्या रेट्यात सर्वांत मोठ्याने ओरडणारा आधी चढतो. जो ओरडू शकतो त्याचा श्वास चालू आहे, तो थांबू शकतो. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी बघायचे असते. लाल, पिवळी, हिरवी, काळी अशा चार फितींची ही पद्धत जगभर आहे. काळी फीत बांधणे हे डॉक्टरच्या आयुष्यातले सर्वांत कठीण काम, आणि ते पहिल्यांदा प्रत्यक्ष आपत्तीत करायची वेळ कुणावर येऊ नये. त्याचा सराव आधी व्हायला हवा.

सरावाची सवय आपल्याला नाही असेही नाही. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राभोवती सोळा किलोमीटरचे आपत्कालीन नियोजन क्षेत्र आहे. चिंचणी त्यात येते. त्यासाठी ठरावीक काळाने सराव होतात, भोंगे वाजतात, कोण कुठे जमणार हे ठरलेले असते. शेजारी बोईसरची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. आता वाढवणचे बंदर होत आहे. हजारो कामगार येतील, मोठी यंत्रे येतील, जहाजे येतील. बंदर हवे की नको हा वाद इथे आणत नाही, तो इथल्या माणसांनी पुष्कळ भोगला आहे. पण बंदराच्या आराखड्यात मालाच्या हालचालीचा मिनिटामिनिटाचा हिशेब असतो, तसा जखमी माणसाच्या हालचालीचाही असावा. आज गंभीर जखमीला आम्ही वलसाडला किंवा सिल्वासाला पाठवतो, नाहीतर मुंबईकडे, आणि मग वरसावे पुलाची कोंडी सुटलेली असू दे म्हणून नातेवाइकांच्या बरोबरीने आम्हीही प्रार्थना करतो. जव्हार-मोखाड्यात डोलीतून गर्भवतीला आणावे लागते, ती आपत्ती तर रोजचीच. तिला तारीख नसते, म्हणून तिच्यासाठी हेलिकॉप्टरही नसते.

या पावसाळ्याआधी जिल्ह्याने चार गोष्टी कराव्यात असे मला वाटते. डहाणू आणि तलासरीतल्या उतरण्याच्या जागा नक्की करून त्यांची यादी तहसीलदारांबरोबरच प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावावी. ढिगाऱ्यातल्या माणसाला सलाइन कधी आणि कसे लावायचे याचा एक दिवसाचा वर्ग धुंदलवाडी परिसरातल्या परिचारिका आणि आशांसाठी घ्यावा. मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडून मंत्रालयात आणि तिथून सेनादलांकडे जाते, तेव्हा त्या मागणीपत्रात "अडकलेल्यांची संख्या" या रकान्याशेजारी "त्यांपैकी जखमी किती, कोणत्या प्रकारचे" असा रकाना असावा आणि तो भरण्याची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर असावी, म्हणजे हेलिकॉप्टरमधून डॉक्टर आणि रक्त यायला हवे की नुसता दोर, हे वरच्यांना कळेल. आणि मच्छीमार सोसायट्यांमध्ये, नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा दर्यात जाण्याआधी, त्या अर्ध्या तासाच्या शिकवणीसाठी एक डॉक्टर आणि एक पुतळा पाठवावा. आमच्या रुग्णालयात असा एक पुतळा कपाटावर पडून आहे. त्याची छाती दाबली की अजून टिकटिक वाजते.